वच्छलाबाईची फुगडी

फागण्याच्या जुन्या बायकांना आजही विचारा, गावात फुगडी कोणाची? त्या वच्छलाबाईचं नाव घेतील आणि लगेच जीभ चावतील. विधवेच्या फुगडीचं कौतुक भर ओट्यावर करायचं नसतं.

लग्न होऊन आली त्याच श्रावणात कानबाई देवीच्या विसर्जनाला या नव्या नवरीनं अशी फुगडी घातली, की ढोलवाला वाजवायचं विसरला. गल्लीतली एकेक बाई कासोटा खोचून तिच्यासमोर उभी राहायची आणि धापा टाकत बाजूला व्हायची. वच्छलाबाईचा नवरा भाईदास पारावर बसून उगाच मिशीवरून हात फिरवत होता. जणू फुगडी त्यानंच घातली!

पण चार दिवस सुखाचे म्हणतात, तसं झालं. विहिरीवरची मोटार सुरू करताना भाईदासला शॉक लागला आणि शेतातून त्याला बैलगाडीत घालूनच आणावं लागलं. पोरगी कोकिळा तेव्हा नुकती चालायला लागली होती. वच्छलाबाईच्या हातातल्या बांगड्या गेल्या आणि फुगडीही गेली. पुढच्या श्रावणात कानबाई निघाली तेव्हा ती दाराआड उभी राहून नुसते ढोल ऐकत होती.

पुढे कोकिळा पाच-सहा वर्षांची झाली. एकदा अंगणात खेळता खेळता तिनं आईचे दोन्ही हात धरून ओढले आणि गरगर फिरायला लागली. वच्छलाबाई हसत होती. तेवढ्यात तिची जेठाणी, म्हणजे थोरली जाऊ, पुष्पाबाई पाण्याची कळशी घेऊन आली आणि तिथंच थबकली.

"वच्छला, सोड तिले," ती म्हणाली. "आपलासारखीना हातमा हात घाली कुवारी पोरनी फुगडी खेळू नही. आपलं नशीब तिले चिकटस."

आता 'आपलासारखी' म्हणायला पुष्पाबाईचं कुंकू शाबूत होतं. पण ती मुद्दाम तसं बोलली, म्हणजे धाकटीला लागू नये. पुष्पाबाई वाईट नव्हती, हीच तर पंचाईत. वाईट बाईचं बोलणं माणूस झटकून टाकतो. पण जिनं बाळंतपण केलं, नवरा गेल्यावर आपल्या ताटातली भाकर मोडून दिली, तिचं बोलणं काळजात जाऊन बसतं. त्या दिवसापासून वच्छलाबाईनं पोरीची वेणी घातली, तापात कपाळाला पट्ट्या ठेवल्या, पण खेळात तिचा हात कधी हातात घेतला नाही.

कोकिळा धुळ्याच्या कॉलेजात जाऊ लागली ती जेठ हिलाल आबांच्या, म्हणजे पुष्पाबाईच्या नवऱ्याच्या, मेहेरबानीनं. एक वर्ष शिकू दे, मग स्थळ बघू, असं ते म्हणाले होते. ती एसटीनं जायची, एसटीनं यायची. कॉलेज म्हणजे तिच्यासाठी वर्गाचा बाक आणि बसस्टँड, एवढंच. मग दिवाळीनंतर एक दिवस ती घरी आली ती पळतच. जळगावच्या नव्या विद्यापीठाचा युवक महोत्सव होता. कॉलेजचा लोकनाच जायचा होता, त्यात आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी आणि फुगड्या. त्यासाठी मुली निवडणार होते. निवड झाली तर जळगावला राहायचं, स्टेजवर नाचायचं. जन्मात कधी काही न मागितलेल्या पोरीनं मागितलं,

"माय, माले फुगडी शिकाड."

"मी नही. तुनी मोठी मायले सांग."

"मोठी मायनी फुगडी म्हनजे जातं फिरावानं!"

पुष्पाबाईच्या फुगडीचं हे वर्णन ऐकून वच्छलाबाईला हसू आलं, पण ती उठली नाही. कोकिळा मग घरातल्या खांबाला धरून एकटीच फिरायला लागली. खांबाशी फुगडी घालून कोण शिकलंय? दोनदा पडली, कोपर सोललं. चुलीपुढं बसलेल्या आईला कोपराचं काही वाटलं नाही. तिला सहन होईनात ते चुकीचे पडणारे पाय. शेवटी तिनं भाकरीचं पीठ तसंच सोडलं, दाराला कडी लावली, जुन्या लुगड्याचे दोन घट्ट पीळ केले आणि त्यांची दोन टोकं पोरीच्या हातात दिली. दुसरी दोन आपल्या हातात घेतली.

"हात काबर नही?" पोरीनं विचारलं.

"आसंच शिकतस," आई म्हणाली आणि खोटं बोलली.

मग रोज दुपारी, कोकिळा कॉलेजातून आली की, रेडिओ मोठ्यानं लावून त्या घरात मायलेकी फिरू लागल्या. "पाय नको उचलू. चवडा जमीनवर ऱ्हाऊ दे. मांगे झुक, आजून झुक. भ्यावू नको, मी धरेल शे." वच्छलाबाईचा पदर डोक्यावरून घसरायचा, श्वास फुलायचा, आणि ती इतकी खूश असायची की स्वतःचीच तिला लाज वाटायची. आपल्या पायांतलं थोडं जरी पोरीच्या पायांत उतरलं, तरी आपण अगदीच वाया गेलो नाही, असं तिला वाटे. पोरगी निवडली जावी म्हणून तिनं कानबाईला नवस केला. तोही मनातल्या मनात.

निवडीला जोडीनं यायचं होतं. कोकिळाची जोडीदार होती गल्लीतलीच, तिच्याबरोबर कॉलेजात जाणारी कुंदा. आणि नेमकं त्याच सकाळी कुंदाला बघायला पाहुणे आले. तिला नऊवारी नेसवून पाटावर बसवलं, फुगडी कुठली! वच्छलाबाई दात दाखवायला धुळ्याला जाते असं सांगून पोरीबरोबर एसटीत चढली.

कॉलेजच्या हॉलमध्ये पोरींची ही गर्दी. निवड करणाऱ्या मॅडम मोठ्या समजूतदार होत्या. त्यांनी कोकिळाला शहरातली एक मुलगी जोडीला दिली. दोघी फिरल्या, कोकिळानं वेग धरला, तशी ती मुलगी घाबरून किंचाळली आणि तिनं हात सोडले. कोकिळा भिंतीवर जाऊन आदळली. दुसरी कोणी पुढं येईना.

"एवढी फुगडी शिकवली कुणी तुला?" मॅडमनी विचारलं.

कोकिळानं दाराकडं बोट केलं. दारात वच्छलाबाई पिशवी छातीशी धरून उभी होती.

"मावशी, या ना! तुम्हीच खेळा तिच्याबरोबर. मला फक्त तिचं बघायचंय."

सगळ्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या. वच्छलाबाई पुढं आली. तिचे पाय तर आपसूकच आले. तिनं पिशवीतून लुगड्याचे पीळ काढले.

"अहो, कपडा कशाला? स्टेजवर हातात हात असतो. तसंच धरा."

कोकिळानं दोन्ही हात पुढं केले. वच्छलाबाईनं ते हात बघितले. हिरव्या काचेच्या बांगड्या होत्या, मनगटापासून वर भरलेल्या. तिच्या कानात पुष्पाबाई बोलली, अगदी काल बोलल्यासारखी.

"माय, आठे कोन वळखस तुले? दे ना हात."

खरंच होतं. तिथं गावचं कोणी नव्हतं, जेठ नव्हता, पुष्पाबाई नव्हती. कपाळ मोकळं असलेल्या बाईला तिथं मावशी म्हणत होते, या म्हणत होते. आणि तरी तिचे हात वर येईनात. तिनं ते पदराखाली घेतले.

"नही, पोरी," ती म्हणाली. "मनाकडथीन नही व्हनार."

मॅडमनी हळहळत पुढच्या जोडीचं नाव पुकारलं. एकटीची फुगडी त्या तरी कशी निवडणार? परतीच्या एसटीत कोकिळा खिडकीकडं तोंड करून बसली. वच्छलाबाईनं तिला खरं कारण तेव्हा सांगितलं. कोकिळा तिकिटाची घडी घालत राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच वैशाखात तिचं लग्न झालं. सासर जळगावजवळ नशिराबादचं. जावई पितांबर केळीच्या ट्रकवर ड्रायव्हर, हसरा, सासूला वाकून नमस्कार करणारा. वच्छलाबाईनं मनाशी म्हटलं, बघ, एका फुगडीचं काय एवढं. पोरगी सुखात आहे ना! तिसऱ्या वर्षी पितांबरचा ट्रक दिल्लीच्या वाटेवर उलटला.

वच्छलाबाई नशिराबादला पोचली तेव्हा बायका कोकिळाच्या बांगड्या फोडून उठल्या होत्या. कोकिळा भिंतीला टेकून बसली होती. ती रडतही नव्हती. आई तिच्यापुढं जमिनीवर बसली आणि कपाळावर हात मारत म्हणत राहिली, मी तुला हात लावला नव्हता गं, मी तर कधी हात लावला नव्हता.



"माय," कोकिळा म्हणाली, "हाईच व्हनार व्हतं, तं तवय फुगडी खेळी तरी लेतूत."

 शेजारच्या बाईनं पाण्याचा तांब्या आणून दोघींच्या मध्ये ठेवला.