भिक्षू मागे का सरला

बँकॉकच्या एका विहारात माझी आई एका भिक्षूच्या पायांशी वाकली, तेव्हा तो झटकन मागे का सरला, या एका प्रश्नाचे उत्तर सांगण्यासाठी हे लिहीत आहे. उत्तर मला बँकॉकमध्ये नव्हे, अमेरिकेतल्या आमच्या गावी, प्लेनोमध्ये जेवणाच्या टेबलावर मिळाले.

बाबांना जाऊन वर्ष झाले होते. गणपतीसाठी आईला आमच्या घरी आणावे म्हणून मी पुण्याला गेले आणि परतताना आम्ही दोघी बँकॉकला थांबलो. आईला जरा हिंडवावे, एवढाच हेतू. पहिला दिवस फार सुखाचा गेला. नदीतल्या प्रवासी होडीत ती लहान मुलीसारखी कठड्याशी उभी राहिली. नारळाच्या दुधातला चिकट भात आणि आंबा खाऊन तिने निकाल दिला, की हा नारळीभातच, फक्त गूळ विसरलेला. संध्याकाळी पाय चेपून देणाऱ्या दुकानात ती खुर्चीत अवघडून बसली आणि मला म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी माझे पाय चेपतंय. तुझ्या बाबांना सांगायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही विहारात गेलो. पहुडलेल्या बुद्धाची ती प्रचंड सोनेरी मूर्ती पाहून बाहेर आलो, तर ओवरीत एक तरुण भिक्षू उभा होता. भगवी वस्त्रे दिसली की वाकायचे, ही आईची सवय. तिने पदर सावरला, खाली वाकली आणि त्याच्या पायांकडे हात नेला. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभी होते. तो विंचू दिसावा तसा मागे उडाला, दोन्ही हात उंचावून काहीतरी पुटपुटला आणि खांबाआड निघून गेला. आईचा हात फरशीवर तसाच राहिला.

त्याला घाई असेल, असे मी म्हणाले. ते स्पष्टीकरण नव्हते, सारवासारव होती. त्यानंतर आई जेवली नाही, विमानातही फारशी बोलली नाही. दमली असेल, अशी मी समजूत करून घेतली.

प्लेनोला आल्यावर गणपतीच्या तोंडावर मी मोदकांची पिठी काढून तिच्यापुढे ठेवली. तिने डबा माझ्याकडे सरकवला.

"मोदक तू कर. नैवेद्याला माझा हात नको."

का, असे विचारल्यावर ती शांतपणे म्हणाली, "त्यानं माझं मोकळं कपाळ पाहिलं. म्हणून पायाला हात लागू दिला नाही. साधू माणसाला कळतं ते."

मी सुन्न झाले. बाबांच्या तेराव्यानंतर नातेवाइकांनी कुंकवाचा करंडा उचलून माळ्यावर टाकला, तेव्हा स्वतः कुंकू लावत नसली, तरी तो काढून पुन्हा देवघरात ठेवणारी आणि देवाला आपल्या हाताने कुंकू वाहणारी बाई हीच होती. जे तिने घरच्यांचे ऐकले नव्हते, ते एका परक्या माणसाच्या दोन पावलांनी तिच्या गळी उतरवले होते.

मी लग्नाआधी शाळेत विज्ञान शिकवत असे. एका अनुभवावरून नियम काढू नये, हे मी आईला समजावून पाहिले. पण खरी अडचण वेगळी होती. तो विधवेपासून दूर झाला की स्त्रीपासून, हे ठरवायला तिच्या शेजारी मीही वाकायला हवे होते. मी फोटो काढत होते.

माझ्या नवऱ्याच्या ऑफिसात एक थाई इंजिनीअर बाई होत्या. तो म्हणाला, "आईंना लंचला घेऊन ये. मी तिलाही बोलावतो. ऐनवेळी कॅन्सल करू नकोस." हायवेलगतच्या थाई रेस्टॉरंटमध्ये आम्ही चौघे बसलो. मी घडलेले सगळे सांगितले, आईचा निष्कर्षही. त्या बाई ऐकत होत्या; शेवटचे वाक्य ऐकून त्यांनी काटा खाली ठेवला.

त्यांच्याकडे भिक्षूला कोणत्याच स्त्रीने स्पर्श करायचा नसतो, असे त्यांनी सांगितले. कुमारी, सवाष्ण, विधवा, सगळ्या सारख्याच. चुकून स्पर्श झाला तर व्रताला बाध येईल, म्हणून तोच घाबरतो. तिकडच्या प्रथेप्रमाणे त्यांचा भाऊ एका पावसाळ्यापुरता भिक्षू झाला होता. त्यांच्या आईला त्याच्या हाती काही द्यायचे असले तर तो समोर कापड पसरायचा. ती त्यावर ठेवायची, मग तो उचलायचा. त्यांनी रुमाल पसरून त्यावर लिंबाची फोड ठेवून दाखवली.

मी मराठीत सांगत गेले. आई रुमालाकडे बघत राहिली.

"सख्ख्या आईनंसुद्धा शिवायचं नाही?"

नाही, असे उत्तर आले.

"आणि पोराला ताप आला तर? कपाळावर हात कोण ठेवणार?"

दुसरे भिक्षू ठेवतात, त्या म्हणाल्या. आई जवळ बसून राहते. माझ्या आईचा चेहरा उतरला. त्या भिक्षूबद्दलचा तिचा राग आणि स्वतःबद्दलची शंका, दोन्ही त्या अनोळखी आईच्या कळवळ्यात विरून गेल्यासारखे मला दिसले. गाडीत बसल्यावर तिने विचारले, "पिठी बारीक आहे ना? नाहीतर पाऱ्या फाटतात."

नैवेद्य तिनेच केला. माझा धक्का मात्र ओसरला नाही. ते चुकीचे उत्तर तिच्या मनात इतके तयार कसे होते, हे मला आजही कळलेले नाही.

भिक्षूंच्या नियमाविषयी मी जे लिहिले, ते एका बाईंनी जेवताना सांगितलेले आहे. वाचकांनी तिकडे जाण्याआधी एखाद्या थाई परिचिताला विचारून त्याची स्वतः खात्री करून घ्यावी.