लंकेहून आणलेलं

अर्धी वाट सरली तेव्हा धम्मशीलाबाई पुन्हा थांबल्या. रस्त्याकडेच्या बाभळीला हात टेकला, डोळे मिटले आणि तोंडानेच हवा घेत राहिल्या. पुलाचं काम निघालेलं, त्यामुळे एसटी फाट्यावरूनच मागे फिरली होती, आणि फाट्यापासून गाव म्हणजे बाईंच्या चालीने अर्धा दिवस. महेश्वरीने त्यांच्या हातातली पिशवी काढून घेतली. पिशवीत परभणीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या होत्या आणि नातवासाठी घेतलेला बिस्किटांचा पुडा.

"बाई, बसा जरा. गाव कुठं पळून जायलंय का?"

"बसले तर उठायला लय जड जातंय, माय. उभ्यानंच घेते दम."

दोन्ही अंगांना कापूस फुटला होता. वेचणाऱ्या बायांपैकी एकीने हात वर करून विचारलं, "बाई, परभणीहून आल्या का? काय म्हणला डाक्टर?"

"म्हणला, लय चाला!" बाईंनी तिथूनच ठोकून दिलं. बाया हसल्या.

डॉक्टर म्हणाले होते ते वेगळंच. हृदयाची झडप खराब झालेली, ऑपरेशन ह्या वयात सोसायचं नाही, गोळ्यांवर निघतील तितके दिवस. हे बाईंनी फाट्यावरच महेश्वरीला सांगून टाकलं होतं, भाजीचा भाव सांगावा तसं. मरणाची त्यांना फिकीर नव्हती. त्यांना घोर लागला होता तो वेगळा. त्यांच्या हातांना एक काम येत होतं, ते घ्यायला कुणी पुढे येत नव्हतं, आणि ते आपल्याबरोबरच सरणावर जाईल असं त्यांना वाटत होतं.

धम्मशीलाबाई गावच्या अंगणवाडीच्या बाई. नोकरी सरली तरी नाव तेच राहिलं. महेश्वरी त्याच गावची लेक, दिली मानवतला, नवऱ्याचं किराणा दुकान. आज तिच्या आईला जाऊन वर्ष होत होतं, म्हणून ती निघाली होती. शांतम्मा तिची आई. बाईंच्या हातांना काय येतं ते महेश्वरीने पहिल्यांदा पाहिलं ते आईच्या अंगावर, बरोबर वर्षापूर्वी. पण ते बाई शिकल्या कशा, हे विचारायचं तिला कधी धाडस झालं नव्हतं. आज वाट लांब होती आणि बाई थांबत थांबत चालत होत्या, म्हणून तिने विचारलं.

"लंकेत," बाई म्हणाल्या. "आणि शिकायला म्हणून गेलेच नव्हते."

नोकरी संपली त्या साली परभणीच्या विहारातून काही उपासक-उपासिका श्रीलंकेला सेवेसाठी निघाल्या होत्या. तिथल्या डोंगरात एका विहाराने अनाथ लेकरांचं घर चालवलं होतं आणि लेकरं सांभाळणारी माणसं हवी होती. बाईंनी जन्मभर दुसरं केलंच काय होतं? नवरा मागेच गेलेला. मुलगा पूर्णेला रेल्वेत, आठवड्याने घरी येणारा. त्यांनी नाव दिलं. गावाने पारावर बसून मजा करून घेतली. "बाई लंकेला चालल्या! येताना सोन्याची एक वीट आणा, समाजमंदिराचं छत तेवढं होऊन जाईल."

तिथे पोचल्यावर कळलं, लेकरांच्या घरात माणसं पुरेशी आहेत. माणूस नाही ते वरच्या अंगाला, आजाऱ्यांच्या घरात. ज्यांना कुणी नाही अशी म्हातारी माणसं तिथे शेवटचे दिवस काढत. बाईंना वर पाठवलं.

"पयल्या दिवशी रडले म्या. म्हणलं, गाणी पाठ करून आले, खाऊ घेऊन आले, अन् इथं गाणं म्हणायचं कुणापुढं?"

मग दिवस मार्गी लागले. पहाटे वंदना. मग नारळ खवायचा, आपल्या विळीसारख्याच पात्यावर बसून, तोही ढीगभर. तिन्ही त्रिकाळ भात. भाकरीची आठवण झाली की बाई तांदळाचं पीठ थापून बघायच्या आणि ती तव्यावर फुटली की स्वतःशीच हसायच्या. तळहातावर गुळाचा खडा घेऊन वर कोरा चहा प्यायचा, ते मात्र त्यांना लगेच जमलं. पावसात पायाला जळवा लागत, त्यांना चुना लावायचा असतो हेही कळलं. भाषेचा पत्ता नव्हता. पण अक्का म्हणजे तिथेही अक्काच. त्या एका शब्दावर त्यांनी पहिला महिना ढकलला.

"अन् एक म्हातारी मला 'नंगी, नंगी' म्हणून हाका मारायलेली! म्या आधी पदर बघितला, मग निऱ्या बघितल्या. समदं जाग्यावर. मग कळलं, त्यांच्यात नंगी म्हणजे धाकटी बहीण."

महेश्वरी इतकी हसली की तिला डोळे पुसावे लागले. बाईही हसल्या, आणि हसण्यानेच त्यांना पुन्हा दम लागला. दोघी मैलाच्या दगडापाशी थांबल्या.

त्या घरात सुमेधामाता होत्या. दहा शीलं घेतलेल्या, केस उतरवलेल्या, पिवळ्या वस्त्रातल्या. पाठीला एवढा बाक की चालताना तोंड जमिनीकडे. घरात कुणी गेलं की अंगाचं सगळं त्याच करत. डोंगरातल्या थंडीत माणसं पोटाशी पाय घेऊन जात आणि तशीच ताठत. तिकडे पेटीत सरळ निजवून नेतात. पेटी घेऊन येणारे घाईत असायचे, गुडघ्यावर हात देऊन दाबायचे. सुमेधामाता त्यांना दाराबाहेर बसवत. ऊन पाण्यात कापड पिळून सांध्यावर ठेवत, वर तळहात ठेवत आणि थांबत. नुसत्या थांबत. कापड निवलं की दुसरं. मग सांधा आपण होऊन थोडा सुटे, तेवढाच त्या हलवत. आणि प्रत्येक वेळी गेलेल्या माणसाला आधी सांगत, मग हात लावत. भाषा कळत नव्हती तरी ते सांगणं बाईंना कळलं, कारण अंगणवाडीत लेकराला टोचायला न्यायच्या आधी त्याही असंच सांगत.

"मला शिकवलं ते स्वतःच्या हातावर. माझा तळवा घेऊन आपल्या कोपरावर ठेवला. म्या दाबलं की मान हलवायच्या, न्हाई. सोडलं की न्हाई. मधलं जमलं तवा 'हं' म्हणल्या."

घरी परतायला थोडे दिवस उरले असताना सुमेधामाता आजारी पडल्या. बाईंना जवळ बोलावलं, आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग बाईंच्या हातांवर. काय मागणं होतं ते सांगायला दुभाषा लागला नाही. तोवर बाईंनी एकटीने कधी केलं नव्हतं. पहिल्यांदा केलं ते त्यांचंच.

"पाठीचा बाक गेला न्हाई. तो हाडाचा. त्याला उशी दिली. पण हातपाय सुटले समदे." बाईंनी आपला तळवा उलटा करून पाहिला. "माय, तिथं मुडपलेल्याला सरळ करायचं शिकले, अन् इथं सरळ झालेल्याला बसवायची येळ आली."

ती वेळ म्हणजे शांतम्मांची.

लिंगायतांत माणसाला निजवून नेत नाहीत. मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवतात आणि तसंच बसलेलं भूमीत ठेवतात. म्हणून जीव जाताच बसवायची घाई असते. पण शांतम्मा गेल्या त्या थंडीच्या रात्री झोपेत, उताण्या, सरळ. पहाटे दार उघडलं तेव्हा अंग लाकूड झालं होतं. महेश्वरी मानवतहून पोचली तेव्हा ओसरीवर तिचे काका मन्मथअप्पा, जंगम स्वामी आणि चार माणसं बसली होती, आणि खांबाला दोर टेकवून ठेवला होता.

महेश्वरीने तो दोर पाहिला. वडिलांच्या वेळेलाही असाच उशीर झाला होता. गुडघे वळवताना आवाज आला. शांतम्मा तेव्हा भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि तो आवाज पुढे कधीच त्यांच्या कानातून गेला नाही. सणावारालाही मध्येच म्हणायच्या, "माझ्या टायमाला तसा आवाज होऊ देऊ नको गं, महेश्वरी."

"अप्पा, दोर नको," ती म्हणाली.

"मग कसं न्यावं? निजवून? आपल्यात असं झालंय का कधी?" मन्मथअप्पांचे डोळे लाल झाले होते. वहिनीवर त्यांची माया होती. दुसरा मार्ग त्यांना दिसत नव्हता.

अंगणात, ओसरीच्या पायरीखाली, गावातल्या बाया उभ्या होत्या. त्यांतून धम्मशीलाबाई दोन पावलं पुढे आल्या. तीस वर्षं ह्या दारावरून त्या अंगणवाडीला गेल्या; शांतम्मा रोज त्यांच्या हातावर लेकरांसाठी गूळ-शेंगदाणे ठेवत. पण उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता, कुणी ओलांड म्हटलंही नव्हतं.

"अप्पा, पाणी तापवा. मला जरा वेळ द्या. हाड दुखू देणार न्हाई म्या."

कुणीतरी मागून म्हणालं, "बालवाडीच्या बाई आता लंकेची इद्या दाखवायल्या का?"

कुणी हसलं नाही. मन्मथअप्पांनी जंगम स्वामींकडे पाहिलं. स्वामी खाली बघत विभूतीची डबी उघडझाप करत राहिले. आत चुलीवर पाणी तापायला लागलं होतं.

"आई माझी हाय," महेश्वरी म्हणाली. "बाई, आत या."

दोघींनी दार लोटून घेतलं. महेश्वरीने पाण्याचं घंगाळ धरलं, कापडं पिळून दिली. बाई बोलत होत्या, "शांताकाकू, खांद्याला हात लावते हं. आता कोपर. आता गुडघा घेते, घाई न्हाई." एकीकडे त्यांच्या ओठांत त्रिसरण चालू होतं आणि महेश्वरीच्या ओठांत नमः शिवाय. महेश्वरी श्वास धरून त्या आवाजाची वाट पाहत होती. उजवा गुडघा वळला. डावा वळला. मांडी बसली. शेवटी डाव्या हाताची मूठ, एकेक बोट करून, पानाची घडी उलगडावी तशी उघडली.

आवाज झाला नाही.

बाई मागे सरल्या आणि म्हणाल्या, "लिंग तुमी ठेवा. ते तुमचं."

दार उघडलं तेव्हा शांतम्मा बसल्या होत्या. मन्मथअप्पा उंबऱ्यातच खाली बसले आणि पोरासारखे रडले. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सगळं घर गोमूत्र शिंपडून धुवून घेतलं. आपल्यात विटाळ मानत नाहीत, हे एरवी तेच सगळ्यांना सांगत. महेश्वरीच्या मनातून ते गेलं नाही.

त्यानंतर बाईंना बोलावणी येऊ लागली. कधी सेलूकडून, कधी शेजारच्या तांड्यावरून. कुणाचा हात छातीवर आखडलेला, कुणाचा जबडा. बाई जात आणि करून चहाही न घेता परतत. बोलावणारे हात जोडत. पण पुढे लग्नाच्या पंगतीत बाई शेजारी येऊन बसल्या की थोडे सरकत. आणि घरात सून, सुकेशनी, वाईट नव्हती, पण घाबरायची. नातू झेपावला की म्हणायची, "आत्याबाई, आधी हात धुवून या." बाई धुवून येत. तोवर लेकरू झोपलेलं असे.

"तिला शिकवून बघितलं का?" महेश्वरीने विचारलं.

"म्हणाली, मला सपनं पडतील. तिचं बी खरं हाय. जबरदस्तीनं शिकवायची गोष्ट हाय का ही?"

गाव दिसायला लागलं होतं. गावाच्या अलीकडे शेताच्या बांधावर शांतम्मांची समाधी. वर्षाचं म्हणून कुणीतरी सकाळीच सारवून बेल वाहून गेलं होतं. महेश्वरीने गळ्यातलं लिंग हातात घेतलं, डोळे मिटले. बाई बाजूला हात जोडून उभ्या राहिल्या. मग दोघी तिथेच बांधावर बसल्या. ह्या वेळी बाईंनी उठायचं जड जाईल असं म्हटलं नाही.

"बाई, आज घरी चला. अप्पांच्या देखत पंगतीत माझ्याशेजारी बसायचं तुमी."

"येते की. पण आधी हात दे इकडं."

आजवर त्या तिला अहो-जाहो करत आल्या होत्या. महेश्वरीने हात पुढे केला. बाईंनी तिचा तळवा घेऊन आपल्या कोपरावर ठेवला. चोळीच्या बाहीखाली कातडी सैल होती, ऊबदार होती. महेश्वरीने दाबलं. बाईंनी मान हलवली. तिने सैल सोडलं. पुन्हा मान हलली. रस्त्यावरून कापसाची बैलगाडी गेली. गाडीवानाने वळून पाहिलं. महेश्वरी तळवा तसाच ठेवून थांबली. कितीतरी वेळ थांबली.

"हं," बाई म्हणाल्या.

मग पदराने तोंड पुसून, समाधीकडे बघत, त्यांनी मागणं मागितलं.

"त्या दिवशी घंगाळ धरलंस तवा तुझा हात हलला न्हाई, ते म्या बघितलं होतं. शीक तू. अन् पयल्यांदा कुणाचं करशील तर माझं कर. आमच्या वस्तीत तुला कुणी अडवणार न्हाई, सुकेशनीला म्या सांगून ठेवलंय. तुमच्या घरात काय म्हणतील ते तुझं तू बघ. माझे दोनी हात जोडून ठेव, वंदनेला असतात तसे. पाणी चांगलं ऊन असू दे. आणि, माय, आधी मला सांग, मग हात लाव."