काजळआत्या

आमच्या आत्यानं आयुष्यात कोणत्याही चांगल्या गोष्टीला चांगलं म्हटलं नाही. बाळ गोरंगोमटं असलं तर म्हणायची, "ठीक आहे, नाक जरा बसकंच आहे." पुरणपोळी जमली तर म्हणायची, "जळली नाही, एवढंच." आणि हे म्हणता म्हणता तिचा हात कमरेच्या बटव्याकडे जायचा. बटव्यात सराफ्यातून घेतलेली चांदीची डबी, डबीत घरी धरलेलं काजळ. जी गोष्ट तिला खरोखर आवडली असेल तिच्यावर एक काळा ठिपका पडायचाच. बाळाच्या गालावर तर पडायचाच, पण बाबांच्या नव्या स्कूटरवर, फ्रिजच्या दांड्याशी, नुकत्याच रंगवलेल्या भिंतीच्या कोपऱ्यातही पडायचा. भिंत पुसून पुसून आईनं शेवटी हात टेकले. आम्ही मुलं तिला काजळआत्या म्हणायचो. आमच्या घरात आवडीचं काय आहे, हे पाहुण्यालाही ठिपके बघून कळलं असतं.

इंदूरच्या पोलोग्राउंड भागातल्या एका पंपांच्या कारखान्यात ती तपासणीला होती. पंप चालवून बघायचा, कान देऊन ऐकायचा, आणि ठीक वाटला तर त्याच्या पोटावर पिवळ्या रंगाचा ठिपका द्यायचा. त्या ठिपक्याशिवाय पंप खोक्यात जात नसे. घरी काळा आणि कारखान्यात पिवळा, बाईचा जन्मच ठिपके देण्यात चालला आहे, असं बाबा चिडवायचे. ती चिडत नसे. ताठ बसून म्हणायची, "हस भिया, हस. पण माझा ठिपका लागलेला माल आजतक परत आला नाही." पुढे कारखाना बंद पडला, आतलं सगळं भंगारात गेलं, ती घरी बसली. हे वाक्य मात्र तिनं सोडलं नाही.

तिचं दुसरं एक वाक्य होतं आणि ते मला लहानपणी मुळीच आवडत नसे. घरात हसण्याला रंग चढला, कोणाच्या डोळ्यांत पाणी यायची वेळ आली, की ती दारात येऊन हळूच म्हणायची, "बस करा रे, बहुत हो गया. ऐकणारे ऐकतात." कोण ऐकतात, हे तिनं कधी सांगितलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि खिडकीकडे पाहिलं. त्या रात्री मी पांघरुणात तोंड खुपसून झोपले.

बाबांनी मग मला खरी गोष्ट सांगितली. आत्याचं लग्न ठरलं होतं. मुलगा बघायला आला त्याच दिवशी ते ठरलं आणि दोन्ही घरं दिवसभर नुसती हसत होती, मुलगाच मोठा गमत्या होता. संध्याकाळी तो स्कूटरवर परत निघाला आणि घरी पोचलाच नाही. त्यानंतर आत्यानं लग्नाचा विषय काढू दिला नाही, आणि तिला पोटभर हसतानाही कोणी पाहिलं नाही. आईबाबा गेल्यावर ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा तिच्या सामानात दोन पेट्या, देवघर आणि ही भीती होती.

माझं पहिलं बाळ पोटातच, पाचव्या महिन्यात गेलं. त्या वेळी आम्ही हौसेनं सगळ्या कॉलनीत पेढे वाटले होते. आत्यानं मला एका शब्दानं दोष दिला नाही, पण दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा घराचा सगळा कारभार तिनं हातात घेतला. कोणाला सांगायचं नाही. डोहाळजेवण नाही. झबली शिवायची नाहीत. पाळण्याची जाहिरात आली तरी पान उलटायचं. माझा नवरा समीर मूळचा पुण्याचा, नोकरीसाठी इंदूरला आलेला. त्याला हे सगळं अजब वाटायचं. "आत्या, बाळ येणार आहे की दरोडा पडणार आहे?" असं त्यानं विचारलं, तर ती म्हणाली, "समीरजी, दोन्ही न सांगताच येतात."

आठवा महिना लागला आणि मी घरात बसून बसून रडकुंडीला आले. डॉक्टरांनी थोडं फिरायला परवानगी दिली होती. सांवेर रोडवर एका कारखानदारानं आपल्या जुन्या शेडमध्ये आधुनिक कलेचं संग्रहालय उघडलं होतं, बाहेर मोकळ्या जागेत शिल्पांची बाग. गर्दी नाही, गाडी दारापर्यंत जाते. समीरनं बेत ठरवला. आत्यानं आधी नाही म्हटलं, मग "मी बरोबर येणार" म्हटलं, आणि सकाळीच पोह्यांचा डबा, जिरावण मसाल्याची पुडी आणि शेव बांधून तयार झाली. जिना उतरताना ती मधेच बसली. मी विचारलं तर म्हणाली, "कुछ नहीं, ॲसिडिटी आहे." तिच्या ओठांचा रंग मला बरा वाटला नव्हता.

बागेत पाय ठेवला आणि आत्याची करमणूक सुरू झाली. गाड्यांच्या सायलेन्सरांचा बैल, सायकलच्या साखळ्यांची म्हातारी, एका दगडाला नुसतंच भोक. आत्या प्रत्येकासमोर कमरेवर हात ठेवून उभी राही आणि समाधानानं मान हलवी. "बरं आहे. यांना कसली नजर लागणार?" समीरला म्हणाली, "अशीच पाहिजेत बघा. कोणी वाईट नजरेनं पाहिलं, तर पाहणाऱ्यालाच त्रास." मी हसले. ती माझ्याकडे वळली, पण ते वाक्य काही बोलली नाही.

हिरवळीच्या मधोमध एक दार होतं. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती चौकट आणि उघडी लाकडी फळी. समीर त्यातून गेला, फोटो काढायला मी गेले. आत्या अलीकडेच थांबली. "इकडून फिरून ये मनू," ती मला म्हणाली. "दार आहे, घर नाही. अशातून जाऊ नये." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मी निमूटपणे फिरून आले. वारा पडला होता, आभाळ धुळीनं पिवळं झालं होतं आणि सबंध बागेत आम्ही तिघंच होतो.

बागेच्या टोकाला भंगारातून जोडलेली एक बाई उभी होती. नळ्यांचे हात, पत्र्याचा पदर आणि पोटाच्या जागी एक मोठा गोल ओतीव तुकडा. दिवस गेलेली बाई. सगळ्या बागेत खरोखर सुंदर असं तेवढंच होतं. आत्या तिच्यासमोर उभी राहिली आणि हळूहळू खाली वाकली. मग तिनं त्या पोटावरून हात फिरवला. "हा आमचा आहे," ती म्हणाली. "आमच्या कारखान्याचा पंप. हे बघ, नाव." गंजाखाली उठावाची अक्षरं होती खरी. मला गंमत वाटली, मी म्हटलं, "मग तुझा ठिपका शोध की!" ती शोधायला लागली. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, नखानं गंज खरवडला. ठिपका नव्हता. पोट मागच्या बाजूनं उघडं होतं, आत काहीच नव्हतं, पलीकडचं गवत दिसत होतं. आत्यानं एकदा त्या पोकळीत पाहिलं आणि एकदा माझ्या पोटाकडे.

तिनं बटव्यातून डबी काढली, बोट घासून घासून काजळ घेतलं आणि त्या लोखंडी पोटावर चांगला मोठा ठिपका दिला. पहारेकरी ओरडत धावत आला. "अम्माजी! हाथ मत लगाइए! ये आर्ट है!" आत्या शांतपणे म्हणाली, "भिया, पोटुशी बाई अशी उघड्यावर उभी केली, ते बी बिना ठिपक्याची. तुमच्या घरात कोणी मोठं माणूस नाही का?" पहारेकरी तिच्याकडे बघतच राहिला, मग माझ्याकडे त्याची नजर गेली, आणि तो चक्क "सॉरी अम्माजी" म्हणून निघून गेला. ठिपका राहिला.

आत शेडमध्ये पांढऱ्या भिंती आणि गार हवा. एका भिंतीवर माणसाहून उंच चित्र होतं, सगळंच्या सगळं काळं. समीर त्याच्याबद्दल काही समजावून सांगणार होता, पण आत्या समोरच्या बाकावर जाऊन बसली होती. बराच वेळ ती उठेना. मी जवळ गेले तेव्हा ती म्हणाली, "एवढं काजळ! ज्यानं कोणी हे केलं, त्याला किती भीती वाटली असेल गं." मग माझा हात धरून म्हणाली, "त्याच्याकडे पण कोणीतरी असणार. वाचवायचं असणार." तिचा हात ओला आणि गार होता. मी घरी जाऊ या म्हटलं, तर ती डबा उघडायची घाई करायला लागली.

बागेतल्या निंबाखाली आम्ही पोहे खाल्ले. समीरनं पहारेकऱ्याची नक्कल केली, मग आत्याची केली, तिच्याच इंदुरी मराठीत, "तुमच्या घरात कोणी मोठं माणूस नाही का?" आणि आत्या हसली. मान मागे टाकून, डोळे मिटून, दात दिसेपर्यंत हसली. मी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. साठी उलटलेली माझी आत्या त्या वेळी इतकी देखणी दिसली की लग्न ठरलं त्या दिवशी ती कशी दिसत असेल ते मला कळलं. समीरनं फोटो काढला. हसणं थांबलं. आम्ही दोघं त्या वाक्याची वाट बघत होतो. ती मात्र चौकटीच्या त्या दाराकडे बघत होती. गरम वाऱ्याचा एक लोट आला, कागदी बश्या उडाल्या आणि ती फळी कुठेतरी आपटल्यासारखा आवाज झाला.

आत्या उठली. डबीत बोट फिरवून तिनं उरलंसुरलं काजळ माझ्या कानामागे लावलं. डबीचा तळ लख्ख दिसला. मग दोन्ही हात माझ्या चेहऱ्यावरून, पोटावरून उतरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. हे ती नेहमीच करायची, दोनचार बोटं वाजायची. त्या दिवशी सगळी कडाकडा वाजली. "आली बघ सगळी माझ्याकडे," ती म्हणाली आणि अगदी निवांत झाली. गाडीत ती झोपून गेली. मी घरापर्यंत तिचा श्वास ऐकत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझं पोट अवेळी दुखायला लागलं. रक्तदाब चढला, ऑपरेशन झालं, मुलगी लगेच रडली नाही. मग रडली. समीर ओरडतच बाहेर सांगायला गेला, तर आत्यानं त्याला गप्प केलं, "हळू बोला, समीरजी." दुसऱ्या दिवशी तिनं बाळाला मांडीवर घेतलं, नीट बघितलं, म्हणाली, "ठीक आहे. कान जरा मोठे आहेत." आणि बाळासाठी नव्यानं धरलेल्या काजळाचा ठिपका तिच्या तळपायाला दिला. आम्ही घरी आलो त्याच आठवड्यात, सकाळी देवापुढे बसलेली आत्या उठलीच नाही.

तिच्या डॉक्टरांनी समीरला सांगितलं, तेव्हा आम्हाला कळलं. हृदयाचं ऑपरेशन ताबडतोब करा, असं ते तिला कित्येक महिने सांगत होते. ती दर खेपेला पुढे ढकलायची. डॉक्टर रागावले तेव्हा ती त्यांना म्हणाली होती, "एका घरानं एका वेळी एकच मागणं मागावं, डॉक्टरसाब. आधी आमच्या मुलीचं होऊन जाऊ दे." दिवसभर हसू नका म्हणून सांगणाऱ्या बाईनं आपल्या छातीतली कळ ॲसिडिटीच्या नावावर खपवली आणि आपल्या वाट्याचं मागणं मला देऊन टाकलं. मी नजर वगैरे मानत नाही. पण हे तिनं केलं, एवढं मला माहीत आहे.

मी बाळंतीण, मला कोणी खोलीबाहेर येऊ देईना. मी आले. आत्याला हॉलमध्ये ठेवलं होतं, नवी साडी नेसवून, केस नीट विंचरून. चेहरा निंबाखालच्या त्या दुपारसारखा मोकळा झाला होता. जन्मभर घरातल्या प्रत्येक वस्तूला तीट लावणाऱ्या या बाईला कोणीच कधी लावली नव्हती. ती हसली त्या दिवशीही नाही. मी बाळाच्या डबीतलं काजळ बोटावर घेतलं आणि तिच्या गालावर ठिपका दिला. शेजारच्या काकू हुंदका आवरत म्हणाल्या, "अगं मनू, आता तिला कसली नजर लागणार?"

ठिपका लागलेला माल परत येत नाही, असं आत्या म्हणायची. ते वाक्य मला नेमकं तेव्हाच आठवलं, आणि मी तिथेच खाली बसून मोठमोठ्यानं रडले.