विरजणापुरतं

रविवार, चौदा तारीख. विरजणासाठी दूध कोमट होईपर्यंत हातातल्या व्हिडिओ गेमचा नवा दुसरा भाग सुरू केला. पहिला मी वर्षानुवर्षं खेळले आहे. नवं गाव देखणं, लढाया मात्र भलत्याच कठीण.

पडद्यावर प्रश्न आला: जुने सोबती इकडे आणायचे? पहिल्या भागातून ते कायमचे पुसले जातील.

त्यांतल्या वैद्यिणीला माझ्या बहिणीने स्वतःचं नाव दिलं होतं. बहीण आता नाही. अंगठा बटणावर थबकला.

"अगं आई, दाब ना! एकटी गेलीस तर पहिल्याच लढाईत मरशील," मुलगी म्हणाली.

"मरेन. आधी विरजण लावू दे."

जुन्या दह्यातलं चमचाभर दुधात ढवळलं. सगळं दही कोणी ओततं का?

सोमवारी सकाळी दही घट्ट लागलं होतं. मी 'नाही' दाबलं, नव्या गावात भेटलेल्या वैद्यिणीला बहिणीचं नाव दिलं आणि लढाईला निघाले.