मागचे शॉक आणि दुधाची किटली

माझ्या गाडीला मी दुसऱ्या कुणाला हात लावू देत न्हाय. तिच्यातून मी खानापूरच्या बाजाराला जातो आणि कोल्हापूरच्या शर्यतीच्या ट्रॅकवरही तीच पळवतो. वळणावर तिचा मागचा भाग भेलकांडायचा, म्हणून मागं नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवले. डिकीतला नॉब फिरवला की ते मऊ नाहीतर कडक होतात.

बायको म्हणाली, "ह्या वयात मणके मोडून घ्यायचेत काय? मी मागं दुधाची किटली उघडी धरून बसते. सांडलं तर जुने शॉक परत बसवायचे."

मी व्हय म्हणालो.

बेळगुंदीच्या रस्त्यावर पहिल्याच वळणाला मागची चाकं रस्ता अशी धरून बसली की मला हसूच आवरंना. पुढं ब्रेकर आला. गाडी दणकली आणि अर्धं दूध लुगड्यावर सांडलं.

"उतरवा मला."

मी डिकी उघडली. ट्रॅकसाठी कडक केलेले नॉब तसेच राहिलेले. ते मऊ केले. "आता एकदाच बैस गं."

"अर्धी किटली कशी सांडंल? मला फसवता व्हय?" म्हणत तिनं वाटेवरच्या गवळ्याकडून ती काठोकाठ भरून घेतली.

परत त्याच ब्रेकरवरून गाडी नेली. गाडी अलगद वर गेली, अलगद खाली बसली. मी आरशात बघितलं. दूध नुसतं डुलत होतं, थेंबसुद्धा खाली न्हाय.

"मी असल्यावर असंच ठेवा," एवढंच ती म्हणाली.

तिचं मन बदलायच्या आत जुने शॉक मी भंगारात घातले.