केळी घातलेलं कोंबडं

माझं माहेर पिंपळनेरचं. लग्न होऊन सावद्याला आले तेव्हा केळीच्या बागा पहिल्यांदा पाहिल्या. आमच्या बागेत सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई कामाला येत असे. कोंबडीच्या रश्श्यात अर्धवट पिकलेली केळी घालायची, हे तिनं मला शिकवलं. चिंच-गुळाची भर माझी. स्वयंपाकघरात मांस चालत नसे, म्हणून परसात तीन दगड मांडून मी ते रांधत असे. हळूहळू घरातल्या सगळ्यांना चटक लागली. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, मूल नव्हतं. कुणी कौतुकानं माझं नाव काढावं, असं घरात तेवढं एकच होतं.

एका माघात आमचे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, "परवा सोनगीरचे पाहुणे येताहेत. तुझं ते केळीचं कोंबडं कर."

"कोण पाहुणे?"

"व्यापारातले आहेत."

दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ दारात उभा. पाटीत झाकलेले दोन कोंबडे थेट पिंपळनेरहून आणलेले, धुळ्यापासून आगगाडीनं. मी हरखूनच गेले.

"तुले कसं कळनं पाव्हना येतस ते?"

"दाजीनी निरोप धाडा व्हता," म्हणाला नि पाय धुवायला गेला.

पाहुण्यांच्या दिवशी सकाळपासून मी परसात होते. कांदा आणि खोबरं निखाऱ्यावर भाजलं, काळा मसाला वाटला. कोंबडं शिजत आल्यावर केळ्याचे जाड काप तेलात परतून घातले. ते आधी टाकले तर विरघळून रश्श्याची पेज होते. शेवटी चिंचेचा कोळ आणि गूळ. तीनदा चव घेतली.

पाहुणे तिघं होते, एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचे दोन मुलगे. त्यांची बोली माझ्या माहेरची. कितीतरी महिन्यांनी ती कानावर पडत होती, म्हणून मी आग्रह करकरून वाढत होते. म्हाताऱ्यांनी दुसऱ्यांदा रस्सा घेतला आणि भाकरी कुस्करता कुस्करता म्हणाले, "माय, आमनी पोरले बी हाई शिकाडजो. आते ती तुनीच धाकली बहीन शे."

मला उमगेना. "कोनती पोर?"

त्यांनी मालकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुना भाऊनीच सांगं ना, बहीन राजी शे म्हनीसन."

हातातला डाव तसाच राहिला. मालक ताटातून मान वर न काढता म्हणाले, "त्यांना भाकरी वाढ."

मी वाढली. का वाढली, कोण जाणे.

भाऊ परसात चुलीवर पाणी मारत होता. मी विचारलं, "तुले ठाऊक व्हतं?"

"अक्का, दाजी तुले माहेरले धाडनार व्हतात. मीच सांगं, तिले घरमा ऱ्हाऊ द्या, मंग दुसरी करा."

"माले का बरं ईचारं नही?"

"तू हा म्हनती का?"

मी माहेरी परतले तर त्याच्या घरात एक पान वाढेल, हे त्याचं भय मला त्याच्या तोंडावर दिसलं. नवऱ्याचा राग आला, पण नवरा परका होता, तो परका निघाला. भाऊ मात्र मीच कडेवर खेळवलेला. त्यानं माझा होकार परस्पर देऊन टाकला होता, आणि त्या जेवणाचे कोंबडेही स्वतःच उचलून आणले होते.

वैशाखात धाकटी आली. सोळा वर्षांची पोर, तिचा काय दोष? तिनं विचारलं तेव्हा कोंबड्याची सगळी कृती सांगितली, पण मी स्वतः पुन्हा ते रांधलं नाही. मालकांनी एकदा सुचवून पाहिलं. "धाकटीला सांगा," म्हटलं. परत त्यांनी विषय काढला नाही.

त्या दिवाळीत भाऊ भाऊबीजेला आला. लुगडं आणलं होतं. मी पाट मांडला नाही, निरांजन लावलं नाही. दिवसभर तो ओट्यावर बसून राहिला. धाकटीनं त्याला जेवू घातलं. ऊन कलल्यावर दारात येऊन निरोप घेत म्हणाला, "अक्का, मी येस."

मी ज्वारी पाखडत होते. सूप थांबवलं नाही.