कंपनीचा पत्रा

डेंटरने उभ्या जन्मात लोकांच्या गाड्यांना इतकी भोकं पाडली होती, की चाळणीने त्याला गुरू करावं. पण सासऱ्यांच्या जुन्या पिकअपसमोर उभं राहिलं, की याच गृहस्थाचा ड्रिल धरलेला हात नव्या सुनेसारखा अदबीने वागू लागे.

कारण अटच तशी होती. "गाडी लेकीला देतो," सासरे म्हणाले होते, "पण कंपनीचा पत्रा आहे, जावईबापू. एवढ्या वर्षांत माझ्या हातून ओरखडा नाही. तुम्ही एक भोक पाडलंत, की गाडी मुलाच्या दारात." मुलगा, म्हणजे डेंटरचा मेहुणा, इतका आशावादी की त्याने आपली स्कूटर आत्तापासूनच रस्त्यावर लावायला घेतली होती.

डेंटरच्या बायकोची रोपवाटिका होती. गिऱ्हाइकांकडे झाडं पोचवायला भाड्याचा टेम्पो करावा लागे, आणि टेम्पोवाला कुंड्या अशा आदळी, जणू त्या त्याच्या सासूच्या आहेत. तिला ही गाडी हवीच होती. फक्त हौद्याच्या बाजू बुटक्या; उंच रोपं पहिल्याच वळणावर लोटांगण घालत. म्हणून वरून कठडे बसवायचे ठरले. डेंटरने बाजारातून तयार कठडे आणले. दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "सगळ्या गाड्यांना बसतात!" सगळ्या म्हणजे ही एक सोडून सगळ्या.

ते कठडे होते नव्या मॉडेलचे, पत्र्याला भोकं पाडून स्क्रूने आवळायचे. या गाडीच्या काठाला मात्र चौकोनी खाचा होत्या, पूर्वी त्यात लाकडी खुंट उभे करत. डेंटरने डोकं चालवलं. कठड्यांचे पाय कापले, त्या जागी खाचेत नीट उतरतील असे चौकोनी नळीचे तुकडे वेल्ड केले, खाली रबर घातलं आणि आतून नट आवळायची सोय केली.

सासरे खुर्ची टाकून देखरेखीला बसलेच होते. "हे वेल्डिंग आहे की कावळ्याचा प्रसाद?" त्यांनी प्रेमाने विचारलं. लग्नापासून डेंटर हे प्रेम खात आला होता. आता पचायला लागलं होतं.

उजवा कठडा असा बसला, की बायकोने कौतुकाने नवऱ्याकडे बघितलं. ही घटना दुर्मीळच. डावा मात्र मागच्या खाचेत जाईना. आणि इथे डेंटरची अब्रू गेली, कारण डावी बाजू त्याने मोजलीच नव्हती. दुसऱ्या कुणाची गाडी असती तर चारदा टेप लावली असती. पण कंपनीचा पत्रा! सासऱ्यांनी ते इतक्या वेळा ऐकवलं होतं, की दोन्ही बाजू सारख्या नसतील हे त्याच्या मनातच आलं नाही.

"भावजी, मागची खाच खालून बंदच आहे," मेहुणा वाकून आनंदाने म्हणाला. "आता भोक पाडल्याशिवाय गत्यंतर नाही. मी दारातल्या कुंड्या हलवू का?"

डेंटर मुकाट्याने गाडीखाली शिरला. बाजूच्या पत्र्यावर आतून हात फिरवला आणि थबकला. हातोडीचे बारीक ठोके. जोडावर पितळ वितळवून सांधल्याची नाजूक रेघ. रंगाचा पोपडा खरवडला तर खाली हिरवा रंग, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरात 'पिण्याचे पा'. अख्खी डावी बाजू पाण्याच्या टाकीच्या पत्र्याची होती! कधीतरी म्हातारबुवांनी गाडी सणसणीत ठोकली होती आणि गुपचूप स्वतःच्या हातांनी नवी बाजू घडवून रंगवली होती. मागची खाच तर नुसती दिसायला केलेली.

डेंटरला आधी हसू फुटलं. कंपनीचा पत्राच नाही, तर अट कसली? एक वाक्य बोलायचा अवकाश, गाडी बायकोची आणि आजवरच्या सगळ्या टोमण्यांची परतफेड. मग त्याने पुन्हा एकदा त्या जोडावरून बोट फिरवलं. इतकं सुबक काम त्याला स्वतःला कधी जमलं नव्हतं. त्याला त्या माणसाचा हेवा वाटला आणि, काय सांगावं, अभिमानही वाटला.

तो बाहेर आला. सासरे खुर्चीत ताठ बसले होते, भलतीकडे बघत.

"भोकाशिवाय बसत नाही, मामा," डेंटर म्हणाला. "माझंच माप चुकलं."

बायकोचा चेहरा पडला. मेहुणा किल्लीसाठी हात पुढे करून मोकळा झाला.

सासरे खाकरले. "पाडा भोक."

"अहो बाबा, पण कंपनीचा पत्रा..." मेहुणा कळवळला.

"गप बस. ती बाजू मी ठोकलीय." सासरे काठी टेकत उठले, हौद्याच्या डाव्या काठावर एका जागी बोट ठेवलं आणि आयुष्यात पहिल्यांदा जावयाच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "इथे पाडा. आणि जरा जपून, टाकीचा पत्रा जाड असतो."